नसांमधलं कॅल्शियम दूध बंद करून जात नाही

गेल्या अंकात शुगरवाल्यांच्या पायांबद्दल लिहिताना मी एक वाक्य टाकलं होतं, की कधीकधी पायाच्या साध्या एक्सरेतच नसा पांढऱ्या दिसतात कारण त्यांच्यात कॅल्शियम साचलेलं असतं. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सॲप मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. नस म्हणजे इथं हृदयाकडून रक्त घेऊन जाणारी धमनी, पण आपल्याकडं बोलताना सगळ्यालाच नस म्हणतात, तर मीही तोच शब्द ठेवतो.

प्रश्न: डॉक्टर साहेब नमस्कार. आमचे अण्णा 63 वर्षांचे आहेत, शुगर 18 वर्षांपासून आणि बीपी दहाबारा वर्षांपासून. शेतात ढेकूळ लागून पायाला जखम झाली ती दीड महिना झाला तरी भरत नाही. एक्सरे काढला तर हाडाला काही नाही पण तिथले डॉक्टर म्हणाले नसांमध्ये कॅल्शियम आहे, रेल्वेच्या रुळासारख्या दोन रेषा दिसतात. तेव्हापासून अण्णांनी दूध दही ताक सगळं बंद केलंय. आमच्या बोरचं पाणी इतकं जड आहे की हिटरच्या कॉईलवर चार महिन्यांत पांढरा थर बसतो, ते म्हणतात तसाच थर माझ्या नसांत बसला. आरओ बसवू का? आणि हे कॅल्शियम आलं कुठून? (एक वाचक, गेवराई तालुका)

उत्तर: अण्णांना आधी दही-ताक सुरू करायला सांगा, मग पुढचं वाचा.

बोरच्या पाण्याचा प्रश्न मला ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी कुणी विचारतंच, आणि ज्यांच्या घरातली प्रत्येक बादली आणि प्रत्येक पातेलं पांढरं झालंय त्यांना असं वाटणं साहजिक आहे. पण हिटरवर जे बसतं ते कॅल्शियम कार्बोनेट, पाणी तापवल्यावर त्यातून वेगळं होऊन चिकटतं. नसेत जे सापडतं ते कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळून झालेलं असतं, म्हणजे आपल्या हाडात जे असतं तेच. दोन्ही पांढरं, पण वस्तू वेगळी आणि बनायची रीतही वेगळी. पिण्याच्या पाण्यासाठी आपल्या देशाच्या मानकात कॅल्शियमची वरची मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, एका ग्लास दुधात साधारण तेवढंच असतं. आणि खाल्लेलं कॅल्शियम काही थेट नसेत जाऊन बसत नाही, आतडं लागेल तेवढं घेतं, किडनी जास्तीचं लघवीतून काढते, रक्तातलं प्रमाण 8.5 ते 10.5 (100 मिलीला मिलिग्रॅम) च्या आत राहतं, मग तुम्ही बोरचं पाणी प्या नाहीतर आरओचं. शरीरात एकूण किलोभर कॅल्शियम असतं, त्यातलं 99 टक्के हाडात आणि दातांत. आरओ बसवायचा तर पाण्याच्या चवीसाठी किंवा दुसऱ्या काही कारणासाठी बसवा, अण्णांच्या नसांसाठी त्यावर पैसे घालू नका.

आता ते आलं कुठून. पूर्वी डॉक्टर लोकही असंच समजायचे की म्हातारपणी नसा झिजतात आणि त्यात चुना साचतो, आपोआप, त्याला इलाज नाही. गेल्या तीसेक वर्षांत हे चित्र पार बदललं. नसेच्या भिंतीत एक मधला थर असतो, त्यात स्नायूच्या पेशी असतात, नस आकसायची आणि सैल व्हायची ते काम त्यांचं. वर्षानुवर्षं शुगर वाढलेली राहिली, बीपीचा ताण राहिला, अंगात बारीक सूज राहिली, की या पेशी आपलं काम सोडतात आणि हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागायला लागतात. हाड तयार करताना शरीर जी बटणं दाबतं तीच बटणं इथं नसेच्या भिंतीत दाबली जातात. म्हणजे अण्णांच्या पायात बाहेरून काही येऊन साचलेलं नाही, त्यांच्याच पेशींनी चुकीच्या जागी हाड बांधायला घेतलंय. शुगर यात दोन-तीन वाटांनी घुसते. रक्तातली जास्तीची साखर प्रथिनांना चिकटते (तीन महिन्यांच्या शुगरची जी तपासणी आपण करतो ती याच चिकटण्याची मोजणी आहे, फक्त ती हिमोग्लोबिनवर), नसेच्या भिंतीतल्या प्रथिनांनाही ती तशीच चिकटते आणि भिंत ताठ होते. शिवाय शुगरमुळं पायाच्या संवेदनेच्या तंतूंना इजा होते, आणि ज्यांच्या पायाला मुंग्या-बधिरपणा आहे त्यांच्यात हे नसेतलं कॅल्शियम जास्त दिसतं.

कॅल्शियम दोन ठिकाणी साचतं हे इथं सांगितलं पाहिजे कारण पुढच्या पत्रांतही ते लागणार आहे. एक म्हणजे नसेच्या आतल्या अस्तरात, चरबीचा गाठोळा होतो त्याच्यात, हा प्रकार हृदयाच्या नसांत जास्त आणि त्यानं नस अरुंद होते, ज्याला लोक ब्लॉक म्हणतात. दुसरा मधल्या थरात, नस अरुंद होत नाही पण पीव्हीसी पाईपसारखी ताठ होते. हा दुसरा प्रकार मोंकेबर्ग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी 1903 साली वर्णन केला, आणि अण्णांच्या एक्सरेत जे रूळ दिसतात ते बहुतेक तेच. शुगर आणि किडनीच्या रोग्यांत दोन्ही प्रकार एकत्रही असतात.

ताठ नसेचा त्रास असा की हृदयानं ढकललेलं रक्त सामावून घ्यायला ती फुगत नाही, म्हणून वरचा बीपी वाढत जातो आणि खालचा उतरतो. अण्णांच्या बीपीच्या चिठ्ठ्या काढून बघा, 170 आणि 70 असं काही असेल तर त्याचं एक मोठं कारण हेच. लोक म्हणतात खालचा नॉर्मल आहे मग काळजी कशाची, पण या वयात वरचा आकडाच जास्त महत्त्वाचा, आणि दोन्हींतलं अंतर वाढणं म्हणजे नस ताठ झाल्याची खूण.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यासाठी उशीर करू नका. पायाचं रक्त पोचतंय का हे बघायला घोट्याचा बीपी आणि दंडाचा बीपी मोजून भागाकार करतात, त्याला एबीआय म्हणतात. 0.9 च्या खाली आला तर पायाकडं रक्त कमी. पण अण्णांसारख्या ताठ नसा पट्ट्यानं दबतच नाहीत, मग घोट्याचा आकडा खोटा वर येतो, 1.4 च्या पुढं जातो, किंवा त्याहून वाईट म्हणजे अगदी नॉर्मल दिसतो आणि सगळे निश्चिंत होतात. मी स्वतः असं होताना पाहिलंय, रिपोर्ट चांगला म्हणून ड्रेसिंगच चालू राहिलं आणि शेवटी अंगठा गेला. तर दीड महिना न भरलेल्या जखमेला पायाच्या अंगठ्याचा बीपी आणि कलर डॉप्लर (नसांतलं रक्त वाहताना दाखवणारी सोनोग्राफी) करून घ्या, बोटांच्या बारीक नसांत कॅल्शियम सहसा कमी असतं म्हणून अंगठ्याचा आकडा जास्त खरा असतो. गरम पाण्याचा शेक अजिबात नको, हळद-चुना भरू नका, चप्पल घालूनच शेतात. बोट काळं पडलं, वास आला, ताप आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल, दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही.

अण्णा तंबाखू खात असतील (पत्रात लिहिलं नाही, पण आपल्याकडं विचारावंच लागतं) तर ती बंद. मळताना लावतात तो चुना नसेत जातो म्हणून नव्हे, तंबाखूमुळं नसेच्या अस्तराला रोज इजा होते आणि ती आकसते म्हणून.

प्रश्न: माझे मिस्टर 36 वर्षांचे आहेत, तीन वर्षांपासून डायलिसिस चालू आहे, योजनेतून होतं म्हणून निभावतंय. आठवड्यात तीनदा सांगितलंय पण येण्याजाण्यात दिवस जातो म्हणून दोनदाच होतं. फॉस्फरस 7.4 आला. जेवणाबरोबर घ्यायच्या गोळ्या दिल्यात त्या ते घेत नाहीत, म्हणतात त्यानं काय फरक पडतो, अंगाला काही जाणवत तर नाही. आता टूडी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) व्हॉल्वला म्हणजे हृदयाच्या झडपेला कॅल्शियम धरलंय असं लिहून आलंय. एवढ्या कमी वयात असं होतं का? (एक वाचक, उदगीर)

उत्तर: होतं, ताई. आणि मला वाटतं ही गोष्ट डायलिसिस सुरू करतानाच प्रत्येक घराला बसवून सांगायला पाहिजे, ती सांगितली जात नाही.

2000 साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात डायलिसिसवरच्या तरुण मुलामुलींच्या हृदयाचा स्कॅन केला होता. 20 ते 30 वयाच्या 16 जणांपैकी 14 जणांच्या हृदयाच्या नसांत कॅल्शियम सापडलं. त्याच वयाच्या निरोगी माणसांत ते क्वचितच सापडतं. म्हणजे नुसतं वय हे कारण नाही, किडनी हे मोठं कारण आहे.

किडनी फॉस्फरस बाहेर टाकते. ती बंद पडली की तो रक्तात राहतो, नॉर्मल 2.5 ते 4.5 असतो, तुमच्याकडं 7.4 आहे. वरच्या पत्रात मी नसेतल्या पेशी हाडासारख्या वागतात असं लिहिलं, तर त्यांना तसं वागायला लावणारी सगळ्यात जोरदार गोष्ट म्हणजे हा वाढलेला फॉस्फरस, तो पेशीच्या आत शिरतो आणि तिचं रूपच बदलतो. दुसऱ्या बाजूनं, आपल्या रक्तात कॅल्शियम साचू न देणारी काही राखणदार प्रथिनंही असतात, किडनीच्या आजारात तीही कमी पडतात. आणि गळ्यातली पॅराथायरॉईड ग्रंथी चेकाळते, ती हाडातलं कॅल्शियम आणि फॉस्फरस ओढून रक्तात आणते. म्हणून या पेशंटची हाडं ठिसूळ आणि नसा कडक असं उलटं चित्र दिसतं. फॉस्फरसमुळं कधी अंगाला खाज येते, डोळे लाल होतात, पण बऱ्याच जणांना काहीच जाणवत नाही, मिस्टर खरं बोलतायत, आणि धोका त्यातच आहे.

गोळीनं काय फरक पडतो त्याचा हिशोब मी पेशंटला कागदावर मांडून दाखवतो, तुम्हीही दाखवा. दिवसाला जेवणातून साधारण 1000 मिलिग्रॅम फॉस्फरस जातो, त्यातला 600 च्या आसपास अंगात घुसतो, आठवड्याचा झाला 4200. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये निघतो 800 ते 1000. तीनदा केलं तर 2700 धरा, दोनदा केलं तर 1800. उरलेला कुठं जाणार? तो गोळीनंच अडवायचा असतो. गोळी जेवणातल्या फॉस्फरसला आतड्यातच धरते आणि संडासवाटे बाहेर नेते, म्हणून ती जेवताना, पहिल्या-दुसऱ्या घासाबरोबर घ्यायची. जेवण झाल्यावर दोन तासांनी घेतली तर ती वाया. आणि जमेल तसं करून तिसरं डायलिसिस पदरात पाडून घ्या, गाडीभाड्याचा प्रश्न मला माहीत आहे, पण तुमच्या सेंटरला जवळच्या दुसऱ्या सेंटरमध्ये नाव लावता येईल का एवढं तरी विचारा.

कोणती गोळी हेही विचारा. काही गोळ्या कॅल्शियमच्याच असतात, स्वस्त असतात आणि कामही करतात, पण तिचा डोस मर्यादेत ठेवावा असं किडनीच्या तज्ज्ञांची जागतिक मार्गदर्शिका 2017 पासून अशा सगळ्याच मोठ्या पेशंटसाठी सांगते, नसांत किंवा व्हॉल्वला आधीच कॅल्शियम असो वा नसो. सेव्हेलॅमर नावाची बिनकॅल्शियमची गोळी असते, महाग पडते. इकोचा रिपोर्ट घेऊन किडनीच्या डॉक्टरांना दाखवा, मनानं बदलू नका.

जेवणाचं सांगायचं तर डाळ-भाकरी एकदम तोडू नका. डायलिसिसवर प्रोटीन लागतंच, आणि ज्वारी, तूर, हरभऱ्यातला फॉस्फरस अशा रूपात असतो की त्यातला निम्माअर्धाच अंगी लागतो. खरा घात करतो तो कारखान्यातून येणारा. काळं कोल्ड्रिंक, चीज, पाकिटातले सॉसेज-नगेट, पॅकेटचे केक आणि बरीच बिस्किटं, यात फॉस्फेट मिसळलेलं असतं आणि ते जवळजवळ सगळंच शोषलं जातं. पाकिटाच्या मागं बारीक अक्षरात आयएनएस 338 ते 341 किंवा 450 ते 452 असं लिहिलेलं दिसलं तर ते फॉस्फेट आहे, पाकीट परत ठेवा. डायलिसिसच्या दिवशी बसस्टँडवर भूक लागते आणि हातात तेच येतं, तर घरून दशमी किंवा पोळी-भाजी बांधून द्या. भाजी उकळून ते पाणी टाकून केली तर फॉस्फरस आणि पोटॅशियम दोन्ही कमी होतात.

प्रश्न: मी 54 वर्षांचा शिक्षक, परभणी. चेकअप पॅकेजमध्ये कॅल्शियम स्कोअर 180 आला, कोलेस्ट्रॉलची गोळी सुरू केली. सव्वा वर्षानं मुद्दाम परत स्कॅन केला तर 225! म्हणजे गोळीनं वाढलं की काय? आता एक ओळखीचे म्हणतात सलाईनमधून नसा साफ करणारी ट्रीटमेंट घे, 30 सलाईन, ऑपरेशनची गरज नाही.

उत्तर: सर, गोळी बंद केली असेल तर आजच डॉक्टरांना भेटून परत सुरू करा.

हा स्कोअर 1990 मध्ये अगाट्स्टन या हृदयतज्ज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवला, स्कॅनमध्ये हृदयाच्या नसांतलं कॅल्शियम किती जागेत आणि किती घट्ट आहे ते मोजून. शून्य म्हणजे कॅल्शियम नाही, 100 च्या पुढं गेला की गोळीचा विचार नक्की करायचा, 400 च्या पुढं म्हणजे पुष्कळ. आता गंमत बघा, घट्टपणा वाढला तरी स्कोअर वाढतो. नसेतला चरबीचा मऊ गाठोळा फुटतो तेव्हा अटॅक येतो, स्टॅटिन म्हणजे तुमची कोलेस्ट्रॉलची गोळी त्यातली चरबी कमी करते आणि तो गाठोळा आटून घट्ट होतो, त्यात कॅल्शियम दाट होतं. आकडा वाढला आणि अटॅकचा धोका कमी झाला, असं दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं. म्हणूनच गोळी चालू असताना हा स्कॅन परत परत करायचा नसतो, कोलेस्ट्रॉल, बीपी, शुगर बघायची असते.

सलाईनबद्दल मी स्पष्ट लिहितो. त्यात ईडीटीए नावाचं औषध असतं, ते रक्तातलं कॅल्शियम धरतं. वरवर पटतं, पण नसेतलं कॅल्शियम हाडासारखं भिंतीत विणलेलं असतं, सलाईननं ते विरघळून वाहून जात नाही, जात असतं तर आधी हाडं गेली असती. 2013 च्या एका मोठ्या अभ्यासात अटॅक येऊन गेलेल्यांना थोडा फायदा दिसला होता, त्याचाच आधार घेऊन हे धंदे चालतात, पण तोच प्रयोग शुगरच्या पेशंटवर परत केला तेव्हा 2024 मध्ये निकाल आला की काहीही फायदा नाही. रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरून जीव गेल्याच्या नोंदी आहेत. माझ्याकडं आलेल्या एका पेशंटनं सोयाबीनचे सगळे पैसे यात घातले आणि हृदयाच्या गोळ्या त्या काळात बंद ठेवल्या, त्यांना अटॅक आला. मला याचा राग येतो, आणि तुम्ही शिकवणारे आहात तर गावात चार लोकांना हे सांगा. नसेतलं साचलेलं कॅल्शियम काढून टाकणारं औषध आजघडीला नाही. फार कडक ब्लॉक असेल आणि अँजिओप्लास्टी करायचीच असेल तर हिऱ्याची कणी लावलेल्या बारीक फिरत्या ड्रिलनं तो घासतात, किंवा मुतखडा फोडतात तशा लहरींनी आतून तडकवतात, पण ते कॅथलॅबमध्ये आणि गरज असेल तरच.

प्रश्न: वय 47, नऊ वर्षांपासून आमवात, र्‍हुमेटॉईड. हाडं ठिसूळ म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत, शिवाय गुडघे दुखले की मेडिकलमधून डी-थ्रीचं इंजेक्शन घेते, या वर्षात पाच झाली. यानं नसांत साचेल का? (एक वाचक, वसमत)

उत्तर: इंजेक्शन थांबवा ताई, आधी रक्तातलं व्हिटॅमिन डी, कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) तपासा. एका इंजेक्शनमध्ये बहुतेक वेळा 6 लाख युनिट असतात, कमतरता असल्यावर डॉक्टर एखादं देतात, पण तपासणी न करता पाच म्हणजे डी अंगात साठत जातं, कॅल्शियमचा रक्तातला ताबा सुटतो आणि तेव्हा मात्र ते किडनीत आणि नसांत बसू शकतं. फार तहान, मळमळ, संडास घट्ट, सारखी लघवी असं होत असेल तर उद्याच तपासा.

कॅल्शियमच्या गोळीचं एवढं भय नको. दिवसाला एकूण 1000 ते 1200 मिलिग्रॅम लागतं, दूध-दही, तीळ, नाचणी, पालेभाजीतून जेवढं येतं ते वजा करून उरलेलंच गोळीतून घ्यायचं. तुमच्या नसांना जास्त धोका आहे तो आमवातापासूनच. सांध्यात जी सूज आहे तीच सूज कमी प्रमाणात नसांच्या अस्तरातही असते, आणि म्हणून आमवाताच्या पेशंटचा हृदयाचा धोका मोजताना युरोपातले तज्ज्ञ सरळ दीडनं गुणायला सांगतात. सांधे दुखायचे थांबले की मेथोट्रेक्सेट ही आमवाताची गोळी बंद करणाऱ्या बायका मी खूप पाहते असं माझी सांधेतज्ज्ञ मैत्रीण नेहमी म्हणते. ती गोळी सांध्यांइतकीच हृदयासाठीही आहे असं समजा. बीपी आणि कोलेस्ट्रॉल वर्षातून एकदा, आणि मिश्री लावत असाल तर सोडा.

प्रश्न: माझ्या आईचा व्हॉल्व बदललाय, मेटलचा आहे. रक्त पातळ करायची वॉरफरीन गोळी सहा वर्षांपासून. मोबाईलवर आलं की या गोळीनं नसांत कॅल्शियम साचतं. बंद करू का? (एक वाचक, अंबड)

उत्तर: नाही. एक दिवसही नाही. मेटलच्या व्हॉल्ववर रक्ताची गाठ धरली तर व्हॉल्व अडकतो किंवा गाठ मेंदूत जाऊन लकवा होतो, तेही काही दिवसांत होऊ शकतं.

मोबाईलवर आलेलं पूर्ण खोटं नाही. वर मी राखणदार प्रथिनं म्हणालो, त्यातल्या एकाला काम करायला व्हिटॅमिन के लागतं, आणि वॉरफरीन व्हिटॅमिन केचंच काम अडवते, त्यामुळं वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत कॅल्शियम जास्त दिसू शकतं. पण आईसाठी दुसरी गोळी नाही. नवीन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांपैकी डॅबिगॅट्रान मेटलच्या व्हॉल्ववर वापरून बघितली होती, गाठी आणि रक्तस्राव दोन्ही वाढले म्हणून तो अभ्यास मध्येच थांबवावा लागला, 2013 साली ते छापून आलंय. आणि कुणी व्हिटॅमिन केच्या कॅप्सूल सुचवल्या तर त्या चुकूनही देऊ नका, आयएनआर (रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा) कोसळेल.

पालेभाजी बंद करायची नाही, पण प्रमाण सारखं ठेवायचं. हिवाळ्यात शेतातून करडईची, मेथीची, हरभऱ्याची भाजी रोज येते आणि मग उन्हाळ्यात महिना महिना पालेभाजीचं तोंड दिसत नाही, अशा वेळी आयएनआर खालीवर होतो. भाजीचा मोसम सुरू झाला की आठ-दहा दिवसांनी एकदा आणि संपला की एकदा आयएनआर जास्तीचा करून घ्या, आणि तारखेची चिठ्ठी गोळ्यांच्या डब्याच्या झाकणाला चिकटवून ठेवा.